सहावा महिना

निळकंठनं पाठवलं ते नागोयाहून.
मोटारीच्या कारखान्यातला पहिला बोनस,
रविवारचा जुना बाजार, घासाघीस.
चिठ्ठीत एवढंच: बाई, तुम्ही काडेपेटीवर
चित्रं काढायला लावायचात, म्हणून.

वीतभर उंच गुंडाळी; लांबी मात्र
उदगीरच्या माझ्या दोन खोल्यांत मावेना.
मी डावीकडून उघडली,
तर आधी वर्षाचा शेवटच आला:
उखळात भात कुटणारे, बांबूच्या झाडूनं
छताची काजळी काढणारे,
आणि सगळी मिरवणूक पाठमोरी,
जशी माझ्यावर रुसून निघालेली.

चौबाऱ्यामागं मकदूमचाचांचं दुकान.
कुराण, तलाठ्याचं दप्तर, दहावीचं गाईड,
एकाच खळीनं सगळ्यांची जिल्द.
त्यांनी न बोलता गुंडाळी फिरवली
आणि उजवीकडून उघडली,
जसं ते सगळंच उघडतात.

‘डाव्या हातानं सोडायचं, उजव्यानं गोळा करायचं.
बघायचं ते दोन हातांच्या मधलं.
बाकीचं एक तर झालेलं, नाहीतर यायचंय.’

दारात पाइनच्या फांद्या, पोरी फळीनं पिसांचं फूल उडवताहेत.
पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या.
फुललेल्या झाडांखाली सतरंज्या,
एकजण पिऊन आडवा, टोपी नाकावर.
पाचव्यात घोडे, छपरांवर खोवलेली निळी पाती.
मधेमधे सोनेरी ढग.
चाचा हसले: ‘हे बरंय.
ज्याचं घर काढायचं नाही,
त्याच्यावर ढग सोडायचा.’

मग त्यांचं बोट थांबलं.
चष्मा काढला. डोळे मिटून पुन्हा फिरवलं.
‘काय बघुलालाव?’
‘बघत नाही. इथं जोड आहे, बाई.
पाचव्याच्या घोड्याला
सातव्याचे कंदील डकवलेत.
मधला महिना कुणीतरी कापून नेला.’

मी मोजले. अकरा.
आठवडाभर बघत होते, मला दिसलं नव्हतं.

काय असेल त्यात? उकाडा, मी म्हटलं.
रथ असेल. पंखे.
ते म्हणाले, ‘त्या चिताऱ्याला सोपं होतं,
त्याचे सण आपापल्या झाडाखाली बसून राहतात.
आमचे हिंडते.
मी लहान होतो तेव्हा मोहरमची सवारी
थंडीत निघायची, निखाऱ्यावर हात शेकत.
मग ती उन्हात आली. मग चिखलात.
तेहतीस वर्षांत सगळ्या महिन्यांच्या दारावरून
एकदा फिरून येते.
मी कुठल्या पानावर काढू?’
आणि थोड्या वेळानं,
‘तुमच्यात तर एक महिना जास्तीचा येतो ना?
धोंड्याचा? त्याला जागा नसते म्हणता.
ही घ्या.’

फळीवरून कागजीपुऱ्याचा कागद काढला,
वडलांच्या हातचा उरलेला शेवटचा ताव.
जोड वाफेवर सोडवला, घोडा आणि कंदील वेगळे केले,
मधे हातभर कोरं बसवलं.
पैसे घेतले, खळीचे फक्त. कागदाचे नाहीत.

येळवसला ते आमच्या शेतात आले,
पोत्यात गुंडाळी, काखेत पोतं.
कडब्याच्या कोपीपुढं आम्ही ती घोंगडीवर सोडली.
पाच दगडांच्या पांडवांकडून बोरीच्या बुंध्यापर्यंत
पुरली, तरी दोन महिने उरले.
बायका वाकून बघत होत्या:
‘ह्येंचीबी येळवसच हाय की, झाडाखाली जेवुलालेत.’
माझी जाऊ, नागिणबाई, चाचांना वाढताना वाकली
आणि भज्जीचा एक थेंब
बरोबर कोऱ्यावर पडला.

मी पदर घेऊन धावले.
चाचांनी हात आडवा धरला.
पुसू नका म्हणाले नाहीत,
वाळेपर्यंत नुसता हात धरून बसले,
दुसऱ्या हातानं उंडा मोडत.

हळदीचा आहे. चिंचेच्या चिचोक्याएवढा.
एका बाजूला घोडा उधळलेला,
दुसऱ्या बाजूला पहिला कंदील.
निळकंठला अजून कळवलं नाही.